फोडलेले कुलूप आणि रुग्णांच्या नोंदी

वैयक्तिक संगणकावरील पहिला गाजलेला विषाणू वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या राखणीसाठी जन्मला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९८६ साली लाहोरच्या बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनी ‘ब्रेन’ हा प्रोग्रॅम लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या फुकट नकला करणाऱ्यांना शोधावे, हा हेतू असल्याचे त्यांनी पुढे सांगितले. त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता! फ्लॉपीमागून फ्लॉपी करीत तो परदेशी पोहोचला आणि ते सॉफ्टवेअर कधी पाहिलेही नव्हते अशांच्या संगणकांत शिरला.

आपल्या टिळकवाडीत काय किंवा निपाणीत काय, दवाखान्यात संगणक आला तो बहुधा जुळवलेला. बिलावर मदरबोर्ड, हार्ड डिस्क, मॉनिटर यांच्या किमती असत, विंडोजची नसे. ती ‘टाकून’ मिळे. डॉक्टरही तीविषयी विचारीत नसत. औषधाच्या बाटलीचे सील तुटलेले दिसताच ती परत पाठवणारी ही मंडळी, हे मला नेहमी नवलाचे वाटत आले आहे.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आणली, तेव्हा प्रत्येक प्रत त्या त्या संगणकाच्या भागांशी बांधणारी सक्रियीकरणाची पद्धत आणली. तीस दिवसांत ते न केल्यास काम अडे. मोठ्या संस्थांच्या सामूहिक परवान्याला मात्र ही अट नव्हती, आणि तसा एक परवाना क्रमांक एक्सपी बाजारात येण्यापूर्वीच फुटला. २००२ च्या ‘सर्व्हिस पॅक १’ ने तो नाकारला. खरे दुखणे येथून सुरू झाले. ‘अपडेट केलेत तर विंडोज बसेल’ असे संगणकवाले बजावू लागले आणि अपडेट कायमचे बंद झाले. वस्तुतः सुरक्षेच्या तातडीच्या दुरुस्त्या कंपनी चोरट्या प्रतींनाही देत राहिली. पण धास्तीपुढे कोण ऐकतो? २००८ मध्ये अशा प्रतींचा पडदा तासातासाला काळा होऊ लागला, तेव्हा एका स्नेह्यांच्या दवाखान्यातील आजीबाईंनी ‘लाइट गेली काय डॉक्टर?’ असे विचारल्याचे स्मरते.

पुढे नुसत्या क्रमांकाने भागेना, म्हणून ‘क्रॅक’ आले. क्रॅक चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि मग त्या अनोळखी प्रोग्रॅमला संगणकाचे सर्वाधिकार द्यावे लागतात. रोग्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून, निर्जंतुक न केलेली सुई टोचण्यासारखेच हे. आत काय गेले, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नसते.

१२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टांचे कामकाज विस्कळीत केले. रुग्णांच्या सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्याचा अंदाज होता. तेथील संगणक चोरट्या प्रतींचे नव्हते; बहुतेकांवर दोन महिन्यांपूर्वी, मार्चमध्येच निघालेली दुरुस्ती बसवली नव्हती, इतकेच. अपडेट जाणूनबुजून बंद ठेवलेला दवाखान्यातील संगणक तर बारमाही त्याच अवस्थेत असतो. आपल्याकडे खानापूर, चंदगडपासून रुग्ण येतात. कानडी, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून त्यांच्या नोंदी असतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपण्याचे आणि मागितल्यास ७२ तासांत देण्याचे बंधन घातले आहे. नोंदीच कुलूपबंद झाल्या, तर द्यायचे काय?

कायद्याचेही पाहू. स्वामित्वहक्क कायद्याच्या ६३ ब कलमानुसार चोरटी प्रत जाणीवपूर्वक वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी वा व्यवसायात वापर नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकते. दवाखान्याला ही सवलत मिळणे कठीण. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप फोडणे हा २०१२ च्या दुरुस्तीने (कलम ६५ अ) स्वतंत्र गुन्हा झाला.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणून ‘करून देतो’ म्हणणारे पुन्हा दारात येत आहेत. नवा संगणक घेताना विंडोजची नोंद बिलात वेगळी मागावी. केसपेपर आणि हिशेब एवढेच काम असेल, तर उबुंटूसारखी मुक्त प्रणाली पुरते, आणि ती खुशाल वाटावी अशीच मोकळीक असते. छत्तीसगडातील गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगाच्या रुग्णालयासाठी घडलेले ‘बह्मनी’ हे मुक्त सॉफ्टवेअर पुढे इतर देशांतही गेले. सोनोग्राफी वा ईसीजीचे सॉफ्टवेअर मात्र बहुधा विंडोजच मागते. तेथे परवाना घ्यावाच लागेल. आणि नोंदींची प्रत बाह्य डिस्कवर घेतली की ती डिस्क लगेच काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली, तर खंडणीखोर सॉफ्टवेअर तिलाही गिळते.