पुराचे पाणी मोजायचे कसे?

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तरेत डार्लिंगच्या उपनद्या पात्राबाहेर पसरल्या की कापूस उत्पादक ते पाणी बांध घालून शेतातल्या अवाढव्य तलावांत वळवतात. खाली मेनिंडीसारखी गावे याच पाण्यावर जगतात, तरी या उचलीचा वर्षानुवर्षे धड हिशेबच नव्हता. २०२२ पासून परवाने आले, त्याबरोबर मोजणीची सक्ती. तलावातला सेन्सर पातळी टिपतो, नोंद सरकारकडे थेट जाते. सर्वेक्षणातून बनवलेल्या तक्त्यावरून त्या पातळीचे पाण्याच्या घनफळात रूपांतर होते. सेन्सर बिघडला तर शेतकऱ्याने मोजपट्टी वाचायची, आकडा कळवायचा. काटेकोरपणा हवाच: १०० हेक्टरच्या तलावात सेंटिमीटरभर चूक म्हणजे १ कोटी लिटरचा फरक!