पाठीला माती लागल्यावर

लाल मातीतला न्याय सोपा असतो. पाठ टेकली की कुस्ती निकाली. हरलेला अंगावरची माती झटकत उठतो, जिंकलेला मैदानाला फेरी मारून बक्षिसाचे पैसे गोळा करतो. 'आस्मान दाखवणं' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत आला तो इथूनच. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे सगळे ज्याला नुसतं एमएमए म्हणतात, त्या खेळात मात्र आस्मान दिसलं तरी काही संपत नाही. खाली पडलेली मुलगी दोन्ही पायांनी वरचीची कंबर आवळते, तिचा एक हात धरते आणि कोपर उलट्या दिशेला ताणू लागते. क्षणभरात वरचीच थाप मारून हार मानते. मातीतल्या माणसाला हे आधी पटतच नाही. पाठ टेकलेली बाई जिंकते कशी?

हा प्रश्न मला पडला तो मनजित कोळेकरमुळे. वसई-विरारची ही मुलगी. अमेरिकेतल्या 'इन्व्हिक्टा एफसी' या फक्त स्त्रियांच्या व्यावसायिक लढतींच्या संस्थेने करारबद्ध केलेली ती पहिली भारतीय. विरार लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी रोज जे चालतं त्यालाही एमएमए म्हणायला हरकत नाही, असा विनोद इकडे कुणीही करील. पण त्याच गाडीतून प्रवास करणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे, याबद्दल मला शंका आहे.

आधी खेळ समजून घेऊ. जाळीच्या पिंजऱ्यात साधारणपणे पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात, किताबाची लढत असेल तर पाच. हातमोजे चार औंसांचे आणि बोटं मोकळी, कारण ठोसा मारायचा तसं धरायचंही असतं. बॉक्सिंगचा ठोसा, मुए थाईची लाथ आणि गुडघा, कुस्तीचा पट, ब्राझिलियन जुजुत्सूची सांधेपकड, सगळं चालतं. एकेरी-दुहेरी पट काढणं हे तर आपल्या तालमीतलंच, फक्त पट काढून पाठ टेकवल्यावर पुढे काय करायचं हे तालीम शिकवत नाही. लढत थाप मारून किंवा पंचाने थांबवून संपली नाही, तर तीन परीक्षक दर फेरीला दहा गुणांच्या पद्धतीने कौल देतात. वजनगट काटेकोर असतात. स्ट्रॉवेट म्हणजे ११५ पौंड, साधारण ५२ किलो. वजन आदल्या दिवशी होतं, म्हणून आठवडाभर आधीपासून मीठ आणि शेवटी पाणीही तोडून शरीर पिळून काढायचं आणि वजनकाट्यावरून उतरल्यावर चोवीस तासांत ते पुन्हा भरून आणायचं. लढतीइतकीच ही दुसरी लढत कठीण, आणि तिला प्रेक्षक नसतो.

भारतात हा खेळ टीव्हीवर आला तो मुंबईतून आणि सिनेमाच्या दारातून. संजय दत्त आणि राज कुंद्रा यांनी २०१२ साली 'सुपर फाईट लीग' काढली. पहिला कार्यक्रम त्या वर्षी ११ मार्चला अंधेरीच्या क्रीडासंकुलात झाला, आणि मुख्य लढतीसाठी आणला होता बॉब सॅप नावाचा अमेरिकन महाकाय. दिवे, संगीत, तारेतारका, सगळा थाट. पण या थाटाच्या आडोशाला एक खरी गोष्ट घडली. भारतीय मुलींना पैसे घेऊन, पंचासमोर, नियमाने लढायला जागा मिळाली. विरारहून अंधेरी लोकलने तासाभराच्या आत. मनजित त्या पहिल्या पिढीतली.

जागा मिळाली, पण समोर उभं राहायला कोण? व्यावसायिक लढवय्यीची कारकीर्द मोजताना आपण जिंकलेल्या-हरलेल्या लढती मोजतो. मला वाटतं, न झालेल्या लढती मोजायला हव्यात. ५२ किलोच्या आसपासची, तितकीच तयारीची, त्याच महिन्यात धडधाकट असलेली दुसरी मुलगी देशात सापडणं हेच मुश्कील होतं. आयोजकाकडचा पैसा आटला की कॅलेंडर कोरं. प्रतिस्पर्धी जखमी झाली की दोन महिन्यांची तयारी पाण्यात. मानधन बहुधा दोन भागांत ठरतं, लढल्याचं वेगळं आणि जिंकल्याचं वेगळं. लढतच झाली नाही तर दोन्ही गेले, वर प्रशिक्षण, आहार आणि तपासण्यांचा खर्च अंगावर.

बाहेरही स्त्रियांचा हा खेळ तेव्हा नुकताच उभा राहत होता. २०११ मध्ये 'यूएफसी' या अमेरिकन एमएमए संस्थेचे प्रमुख डेना व्हाईट यांनी स्त्रिया आपल्या पिंजऱ्यात कधीच येणार नाहीत असं सांगून टाकलं होतं. २०१२ च्या एप्रिलमध्ये शॅनन नॅप यांनी कॅन्सस सिटीत इन्व्हिक्टाचा पहिला कार्यक्रम केला, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत त्याच व्हाईटसाहेबांनी राँडा राऊझी आणि लिझ कारमूश यांची लढत मुख्य म्हणून लावली. वर्षअखेरीस यूएफसीने इन्व्हिक्टाच्या अकरा स्ट्रॉवेट मुली एका दमात उचलल्या. म्हणजे इन्व्हिक्टा हे जगाच्या दिंडी दरवाजापर्यंत नेणारं अंगण होतं.

मनजित त्या अंगणात पोचली २०१६ मध्ये, तोवर अपराजित. समोर ब्राझीलची कालिन मेदेइरोस. लढत शेवटपर्यंत गेली आणि परीक्षकांचा कौल मेदेइरोसच्या बाजूने लागला. एवढंच. पण अमेरिकन मुलगी अशी एक लढत हरली तर चार महिन्यांनी शेजारच्या राज्यात दुसरी लढते. विरारच्या मुलीला तीच पंधरा मिनिटं व्हिसा, विमान आणि वेळेच्या फरकासकट विकत घ्यावी लागतात. म्हणून तो पराभव मी तिच्या खात्यात एकटीच्या नावावर मांडायला तयार नाही.

आपल्याकडे बाईच्या लढतीआड येणारा पिंजऱ्याबाहेरचा पंच नवा नाही. हमीदा बानू या पैलवान बाईंनी १९५४ साली बडोद्याला बाबा पहिलवानांना १ मिनिट ३४ सेकंदांत हरवलं होतं. त्याच बाईंची पुण्यातली रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात तर पुरुषाला हरवल्यावर लोकांनी दगड मारले. त्यांनी थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार नेली. उत्तर आलं की, बंदी त्या बाई आहेत म्हणून नाही, आयोजकांविरुद्ध तक्रारी आहेत म्हणून आहे. हे उत्तर कोणत्याही दशकात चालेल असं आहे. पुढे हमीदा बानू कल्याणला राहिल्या, दूध विकून गुजराण केली. वसईहून दिव्याच्या गाडीत बसलं तर कल्याण फार लांब नाही.

पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली, स्त्रियांची २०२३ च्या मार्चमध्ये, सांगलीत. पहिली मानकरी सांगलीची प्रतीक्षा बागडी, आणि अंतिम फेरीत तिच्यासमोर होती कल्याणची वैष्णवी पाटील. मधली बासष्ट वर्षं कुणी कुणाच्या पाठीला माती लावली नाही असं थोडंच आहे.

मनजितनंतर दार थोडं थोडं किलकिलं झालं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईचा भरत खंडारे यूएफसीत लढणारा पहिला भारतीय ठरला. शांघायला पहिल्याच फेरीत हरला. २०१९ मध्ये रितू फोगट कुस्ती सोडून 'वन चॅम्पियनशिप' या एमएमए संस्थेत गेली. आणि ८ जून २०२४ ला लुईव्हिलमध्ये, मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढान्याच्या पूजा तोमरने रायाने दोस सांतोसला हरवलं. एक परीक्षक विरोधात, दोन बाजूने. यूएफसीत जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. गट तोच, ११५ पौंडांचा.

या तिघांत एक साम्य आहे. भरत आणि रितू कुस्तीतून आले, पूजा वुशूची राष्ट्रीय विजेती. म्हणजे आधी सरकारमान्य खेळात पाय रोवायचे, मग पिंजऱ्यात शिरायचं. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला लागतं मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र. कबड्डीच्या राज्यसंघातून खेळलेल्या मुलीचे आईवडील निदान पोलीस भरतीचं स्वप्न पाहू शकतात. व्यावसायिक पिंजऱ्यातल्या विजयाचा कागद कोणत्या टेबलावर ठेवायचा? मग उरतो तो मार्ग बहुतेक जणी धरतात: सकाळी जिममध्ये गिऱ्हाइकांना वजन कमी करायला शिकवायचं, संध्याकाळी मुलांना कराटे-किकबॉक्सिंग, आणि मधल्या वेळात स्वतःचा सराव. वसईत, नालासोपाऱ्यात, विरारमध्ये असे वर्ग सोसायटीच्या हॉलपासून शाळेच्या मैदानापर्यंत दिसतात. पांढऱ्या पोशाखातल्या मुली रांगेत उभ्या, पालक बाकावर मोबाइल घेऊन. 'स्वसंरक्षणासाठी' असं विचारण्याआधीच सांगतात. मुलगी लढायला शिकते आहे असं मात्र सहसा कुणी म्हणत नाही.

२०२६ च्या सप्टेंबरमध्ये जपानमधल्या आइची-नागोयाला होणाऱ्या आशियाई क्रीडास्पर्धांत एमएमए पहिल्यांदाच घेण्याचं ठरलं आहे. सहा सुवर्णपदकं. तिथलं पदक टेबलावर ठेवता येण्याजोगं असेल. सुपर फाईट लीगचे दिवे अंधेरीत पहिल्यांदा लागले, त्याला तोवर चौदा वर्षं झालेली असतील.