केळ्याचा वास देणारे जिवाणू

नववी-दहावीच्या मुलांना संश्लेषी जीवशास्त्राची (पेशींमध्ये नव्या जनुकीय रचना बसवण्याच्या शास्त्राची) गोडी लावायची असेल तर माझी पहिली पसंती या प्रयोगाला!

ई. कोलाय जिवाणूंच्या नळीला इंडोल नावाच्या रेणूमुळे दुर्गंध येतो. २००६ साली आयजेम या संश्लेषी जीवशास्त्राच्या विद्यार्थी-स्पर्धेसाठी एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी इंडोल न बनवणारा वाण घेतला आणि त्यात नवी जनुकं बसवली. पेशी झपाट्याने वाढत असताना विंटरग्रीनचा वास (सांधेदुखीच्या मलमांना येतो तोच), वाढ थांबली की केळ्याचा! केळ्याच्या वासाचं जनुक यीस्टचं.

पुढे नॅटली कुल्डेल यांच्या बायोबिल्डर उपक्रमाने यावरूनच शाळांसाठी प्रयोग तयार केला. वाढीच्या काळातच केळ्याचा वास यावा, यासाठी दोन वेगवेगळ्या जनुकीय रचना मुलांसमोर ठेवतात. मुलं द्रावणाचा गढूळपणा मोजतात, ठरावीक तीव्रतेच्या नमुन्यांशी वास ताडून पाहतात आणि कोणती रचना सरस ते ठरवतात. म्हणजे पाठ्यपुस्तकातलं उत्तर पडताळणं नाही, खरीखुरी अभियांत्रिकी. मला हेच फार मोलाचं वाटतं.

जिवंत जिवाणू हाताळायची सोय नाही? २०१८ मध्ये जाहीर झालेले बायोबिट्स संच पाहा. त्यांत पेशींमधली प्रथिनं बनवणारी यंत्रणा सुकवून ठेवलेली असते. पाणी घालून ऊब दिली की रंगीत चमकणारी प्रथिनं तयार होतात.