आठ अक्षरांखालचे गाव

चीनच्या शान्शी प्रांतात, राजधानी ताइयुआनच्या नैर्ऋत्येला, वेनश्वी तालुक्यात लिउ हूलान नावाचे गाव आहे. पूर्वी त्याला यूनचौशी म्हणत. पूर्वेला फेन नदी, पश्चिमेला ल्युल्यांगचे डोंगर आणि मधे सपाट, पिकाऊ जमीन अशी या मुलखाची ठेवण आहे. चीनची एकमेव सम्राज्ञी वू त्सेतियान हिचे घराणे याच तालुक्यातले, आणि तिचे देऊळही इथे आहे. गावाला नवे नाव मिळाले ते मात्र चौदा वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या मुलीवरून. बाहेरचे लोक इथे येतात तेही तिचे स्मारक पाहायला.

हूलानचा जन्म 8 ऑक्टोबर 1932 चा. पहिले नाव फूलान; त्यातल्या ‘फू’चा अर्थ संपन्नता. सख्खी आई ती लहान असतानाच वारली. पुढे हू वेनश्यू ही सावत्र आई घरात आली आणि तिच्या माहेरच्या आडनावातला ‘हू’ मुलीच्या नावात ‘फू’च्या जागी बसला. सावत्रपणाच्या नेहमीच्या गोष्टींत न बसणारे हे नाते शेवटच्या दिवशीही दिसते.

नोव्हेंबर 1937 मध्ये जपान्यांनी ताइयुआन घेतले तेव्हा ती पाच वर्षांची होती. सपाटीवर जपानी ठाणी, डोंगरात कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे तळ आणि दोन्हींच्या कात्रीत गावे, अशा दिवसांत तिचे बालपण गेले. 1945 मध्ये जपान शरण आला, पण शांतता आली नाही. 1911 च्या क्रांतीपासून शान्शीवर पकड ठेवून असलेला सरदार यान शीशान ताइयुआनला परतला आणि कम्युनिस्टांशी यादवी पुन्हा पेटली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात महिला कार्यकर्त्यांचे सुमारे 40 दिवसांचे एक शिबिर झाले. हूलान त्याला गेली आणि परतल्यावर गावच्या महिला संघटनेची चिटणीस झाली. सैनिकांसाठी कापडी जोडे शिवून घेणे, बायकांना अक्षरओळखीला बसवणे, जमिनीच्या फेरवाटपाच्या सभांना माणसे जमवणे अशी ही कामे होती. जून 1946 मध्ये कम्युनिस्ट पक्षाने तिला उमेदवार सदस्य करून घेतले. अठरा वर्षे पुरी नसल्याने पूर्ण सदस्यत्व तेव्हा मिळणे शक्य नव्हते.

त्या वर्षाच्या शरदात यानच्या फौजा सपाटीवर उतरल्या. बहुतेक कार्यकर्त्यांना डोंगरात जायला सांगण्यात आले, पण गावाची खडान्‌खडा माहिती असल्याने हूलान मागे राहिली. डिसेंबरात गावचा मुखिया शी पेइह्वाय याला कम्युनिस्टांनी ठार केले. यानच्या फौजेला तो मदत करीत असे. पुढे जे घडले ते या हत्येचा सूड म्हणून. मुलांसाठी लिहिलेल्या चरित्रांत हा धागा बहुधा सैल सोडलेला असतो, पण तो वगळला तर पुढचा दिवस आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

12 जानेवारी 1947 रोजी फौजेने गावाला वेढा घातला आणि गावकऱ्यांना क्वानयिन देवीच्या देवळापुढे गोळा केले. प्रचलित हकिकतीनुसार, सैनिकांनी नेण्यापूर्वी हूलानने तीन वस्तू सावत्र आईच्या हाती दिल्या: चांदीची अंगठी, हातरुमाल आणि बामची छोटी डबी. तिच्याबरोबर पकडलेल्या सहा पुरुषांना तिच्या देखत मारण्यात आले. हत्यार होते जनावरांचा चारा कापायचे. लाकडी बैठकीला एका टोकाशी जोडलेले लांब पाते, मोठ्या अडकित्त्यासारखे. उत्तर चीनमध्ये गुरे बाळगणाऱ्यांच्या घरी ते असायचेच. साथीदारांची नावे सांग, पक्ष सोड, असे हूलानला सांगण्यात आले. ती बधली नाही, आणि त्याच पात्याखाली तिचाही अंत झाला. चिनी पद्धतीने जन्माचे वर्ष धरून वय पंधरा मोजतात. कॅलेंडरने ती चौदा वर्षे तीन महिन्यांची होती.

मार्चमध्ये रेन बिशी या ज्येष्ठ नेत्याकडून ही हकिकत माओ त्सेतुंगपर्यंत पोचली. त्याने आठ चिनी अक्षरे लिहून दिली, अर्थ असा की ती थोरपणे जगली आणि गौरवाने मेली. 1 ऑगस्टला पक्षाच्या प्रादेशिक शाखेने वयाची अट बाजूला ठेवून तिला मरणोत्तर पूर्ण सदस्य केले. 1948 मध्ये तिच्यावर संगीतिका आली, 1950 मध्ये चित्रपट. माओच्या हातचा मूळ कागद मात्र युद्धाच्या धामधुमीत हरवला. दहाव्या स्मृतिदिनासाठी त्याने तीच अक्षरे पुन्हा लिहिली. तेव्हा स्मारकाच्या दगडावर दिसते ते हे दुसऱ्यांदा लिहिलेले हस्ताक्षर.

स्मारक 12 जानेवारी 1957 रोजी, म्हणजे बरोबर दहा वर्षांनी, खुले झाले. आवारात माओची अक्षरे कोरलेला स्तंभ, प्रदर्शनाची दालने, हूलानची समाधी आणि तिचा पांढऱ्या संगमरवराचा पुतळा आहे. तिला शिल्पात आणणाऱ्यांत वांग चाओवेन हे नाव ठळक आहे. त्याचे 1951 चे शिल्प नव्या चीनच्या सुरुवातीच्या गाजलेल्या कामांत मोजतात. ज्या देवळापुढे गावाला उभे केले होते ती जागाही जपलेली आहे. एप्रिलच्या सुरुवातीला, पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करण्याच्या छिंगमिंग सणाच्या सुमारास, इथे शाळांच्या सहली येतात. फेन नदीपलीकडे फिंग्याव हे तटबंदीचे जुने शहर आहे. 1997 पासून ते जागतिक वारसा यादीत असल्याने परदेशी प्रवासी तिकडे वळतात, इकडे फारसे फिरकत नाहीत.

आवारातले एक समूहशिल्प सातही जणांचे आहे. शी सानह्वाय, शी लिउअर, चांग न्येनचेंग, चेन शूरोंग, लिउ शूशान आणि शी शिह्वेई ही हूलानबरोबर मारल्या गेलेल्या सहा जणांची नावे. ना संगीतिका, ना चित्रपट, ना गावाच्या पाटीवर नाव. वेनश्वीबाहेर त्यांची ओळख अजूनही ‘इतर सहा जण’ एवढीच आहे.