मुळाचे चिन्ह आणि ज्वारीचे पेव

मंगळवेढा म्हटले की दोन गोष्टी आठवतात: २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ज्वारी आणि दुष्काळात धान्याची कोठारे लोकांना खुली केली अशी ज्यांची कथा सांगतात, ते संत दामाजीपंत. आज मी ज्वारीच्याच आधाराने बीजगणितातली एक गोष्ट सांगणार आहे. वर्गमूळ, घनमूळ दाखवायला √ हे चिन्ह असताना घातांकात अपूर्णांक कशाला हवा?

पाया तोच असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते, हे आपण शाळेत शिकलो. ९ च्या वर्गमुळाला त्याच वर्गमुळाने गुणले की ९ येतात, म्हणजे ९ चा पहिला घात. दोन सारखे घातांक मिळून १ होत असेल, तर प्रत्येक घातांक १/२ च असणार. याच न्यायाने घनमूळ म्हणजे १/३ वा घात. छेद सांगतो कितवे मूळ काढायचे, अंश सांगतो कितवा घात करायचा. ८ चा २/३ वा घात म्हणजे ८ चे घनमूळ २, त्याचा वर्ग ४. पाया मात्र धन संख्या हवी.

यात सोय मोठी आहे. ६४ चे वर्गमूळ गुणिले ६४ चे घनमूळ किती? १/२ आणि १/३ यांची बेरीज ५/६. ६४ चे सहावे मूळ २, त्याचा पाचवा घात ३२. आठ चोक बत्तीस, ताळा जुळला! न्यूटनने १६७६ सालच्या पत्रात असे घातांक वापरले, तेव्हा शिवराज्याभिषेकाला दोनच वर्षे झाली होती.

आता ज्वारीकडे येऊ. पूर्वी धान्य जमिनीतल्या पेवात साठवत. धास्ती असे ती भिंतीला टेकलेल्या धान्याला ओल लागण्याची. आकार तोच ठेवून आठपट ज्वारी मावेल असे पेव खणले, तर भिंत किती वाढेल? घनफळ लांबीच्या तिसऱ्या घाताने वाढते, पृष्ठफळ दुसऱ्या. म्हणजे पृष्ठफळ घनफळाच्या २/३ व्या घाताने वाढते. ज्वारी आठपट, भिंत चौपटच! ज्वारी दुप्पट केली, तर भिंत सुमारे १.५९ पट.

थोडक्यात, आठ घरांनी आठ लहान पेवे न खणता एकच मोठे खणले, तर भिंतीला टेकणारे धान्य निम्म्यावर येते. अर्थात त्या एकाच पेवात पाणी शिरले, तर आठही घरांचे धान्य जाते. तो विचार मात्र आपला आपणच करायचा.