गाडीत बदल करताय? आधी वॉरंटीचं पुस्तक उघडा

धंद्यासाठी पहिली गाडी घेतली की पेढे वाटून होत नाहीत तोवर आपण ॲक्सेसरीजच्या दुकानात उभे असतो. जादा लाइट, म्युझिक सिस्टीम, मागचा कॅमेरा, टेम्पो असेल तर पाटे वाढवायचे. आणि मग प्रश्न येतो, "सर, बाहेरून काही बसवलं तर वॉरंटी जाते का?" याचं उत्तर एका शब्दात नाही, म्हणून जरा सविस्तर.

वॉरंटी हे कंपनीचं वचन आहे. बनावटीत दोष निघाला तर ठरलेली वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी भरेल तोपर्यंत, भाग फुकट दुरुस्त करू. डीलर ते फक्त राबवतो. त्यामुळे शोरूममधला सेल्समन "काही होत नाही हो, बसवा बिनधास्त" म्हणाला, तरी क्लेम मंजूर करणारा तो नसतो. त्याचं बोलणं लेखी मागा, मग बघा सूर कसा बदलतो!

सीट कव्हर, मॅट यांनी काही बिघडत नाही. खरी गडबड वायरिंगमध्ये होते. कंपनीची वायर कापून, टेप गुंडाळून जोड दिला, की पुढे कुठलाही इलेक्ट्रिकल बिघाड झाला तरी बोट त्या जोडाकडेच जातं. उदाहरण बघा. हेडलाइटला 60/55 वॅटचा बल्ब असतो, आपण 100/90 चा टाकतो. वायर आणि होल्डर तेवढ्या करंटसाठी बनवलेलेच नसतात, तापून वितळतात. हा कंपनीचा दोष कसा म्हणायचा? कपलरला कपलर जोडणारं, वायर न कापता बसणारं सामान घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

पाटे वाढवले तर ॲक्सल आणि चासीचा क्लेम अडकतो. इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून पिकअप वाढवला, तर इंजिन आणि गिअरबॉक्सचा. बाहेरून सीएनजी किट बसवणाऱ्यांनी वॉरंटीच्या पुढेही बघावं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे असा बदल आरसीवर नोंदवावा लागतो, आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. नाहीतर वॉरंटी आणि विमा, दोन्हीकडून हात झटकले जाऊ शकतात.

आता एक गैरसमज. अमेरिकेतले व्हिडिओ बघून बरेच जण म्हणतात, "बाहेरच्या पार्टमुळेच बिघाड झाला हे डीलरने सिद्ध करायचं असतं." तो तिकडचा 1975 चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा. आपल्याकडे वॉरंटीसाठी असा वेगळा कायदा नाही. इथे आधी पुस्तकातल्या अटी, आणि क्लेम अन्यायाने नाकारला असेल तर ग्राहक संरक्षण कायदा 2019. धंद्याची गाडी असली तरी स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली असेल, तर तुम्ही 'ग्राहक' ठरू शकता. पाच-दहा गाड्यांवर ड्रायव्हर ठेवून धंदा करणाऱ्याला मात्र ते अवघड जातं.

थोडा हिशोबही करा. समजा गाडी दिवसाला 1,500 रुपये सुटे करून देते आणि क्लेमच्या भांडणात 15 दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली. 22,500 रुपये तिथेच गेले, दुरुस्तीचं बिल वेगळं, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. एवढी किंमत त्या झगमगीत लाइटची आहे का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

क्लेम नाकारलाच तर काउंटरवर आवाज चढवून उपयोग नाही. नाकारल्याचं कारण लेखी मागा, जॉब कार्डची प्रत घ्या, खराब भागाचे फोटो काढा. मग कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल. तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. ग्राहक आयोगात जायचं ठरलं, तर तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जा.