यीस्टला उपाशी ठेवता येते का?

साखर बंद, गूळ बंद, मध बंद. पाव, बिस्किटे, व्हिनेगर, चीज बंद. काहींच्या यादीत फळेसुद्धा बंद, आणि जोडीला सात-आठ प्रकारच्या गोळ्या. अमेरिकेत १९८० नंतर गाजलेले हे ‘कँडिडाविरोधी पथ्य’ आता मोबाइलवरून आपल्याकडेही पोचते. त्यामागची कल्पना पटकन पटण्यासारखी आहे : आतड्यात यीस्ट माजले आहे, ते साखरेवर जगते, म्हणून साखर तोडली की ते मरेल. पचनसंस्थेचा धडा शिकवणाऱ्यांनी ही कल्पना एकदा तपासून पाहावी, असे आम्हाला वाटते.

कँडिडा अल्बिकन्स हे एक कवक. कधी ते गोल पेशींच्या रूपात राहते, तर कधी धागे काढते. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात त्याचा कायमचा मुक्काम असतो, पण शेजारच्या जीवाणूंच्या गर्दीत त्याला डोके वर काढता येत नाही. प्रतिजैविकांनी ही गर्दी विरळ झाली, मधुमेह हाताबाहेर गेला, किंवा एच.आय.व्ही., स्टेरॉइड, कर्करोगावरील औषधे यांमुळे प्रतिकारशक्ती खालावली की ते माजते. तोंडातले पांढरे चट्टे, योनिमार्गाची खाज ही त्याची नेहमीची रूपे. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या रक्तात ते शिरले तर जिवावर बेतते. हे आजार खरे आहेत, तपासणीत सापडतात आणि त्यांच्यावर औषधे आहेत.

पथ्याची गोष्ट वेगळी. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमचे डॉ. ओरियन ट्रस आणि टेनेसीतील बालरोगतज्ज्ञ डॉ. विल्यम क्रूक यांनी थकवा, डोकेदुखी, उदासपणा, पोट फुगणे अशा नाना तक्रारींचे खापर या एका कवकावर फोडले. क्रूक यांचे पुस्तक १९८३ साली आले आणि खूप खपले. उपाय दोन : आहार आणि निस्टॅटिन हे औषध. (हे औषध न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन यांनी १९५० साली शोधले, म्हणून ‘न्यूयॉर्क स्टेट’वरून त्याचे नाव.) त्याच बर्मिंगहॅममध्ये ४२ स्त्रियांवर निस्टॅटिनची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. खरे औषध कोणते आणि खोटे कोणते हे स्त्रियांनाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. योनिमार्गाच्या तक्रारींवर निस्टॅटिन सरस ठरले. बाकीच्या तक्रारी खोट्या गोळीनेही तेवढ्याच कमी झाल्या. आहाराची परीक्षा मात्र या चाचणीत नव्हती. ती आपण पचनाच्या अंगाने करू.

साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. लहान आतड्याच्या अस्तरावरचे सुक्रेज हे विकर ही जोडी फोडते आणि दोन्ही शर्करा रक्तात जातात. लहान आतडे काही मीटर लांब असते, पण हे काम बहुतांशी त्याच्या पहिल्या भागातच उरकते. सूक्ष्मजीवांची दाट वस्ती असते ती पुढे, मोठ्या आतड्यात. तिथे पोचतो तो आपल्याला न पचलेला चोथा. म्हणजे चहातली साखर यीस्टच्या ताटात पडण्याआधी आपणच ती फस्त करतो. रक्तातून ती तोडू म्हणावे, तर तेही जमत नाही. प्रौढ माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तात मिळून चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा ग्लुकोज असते. आपण कण साखर खाल्ली नाही तरी यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज तयार करून ही पातळी राखते. ते तसे करते म्हणून तर उपवासात मेंदू चालतो! मधुमेहात रक्तातली आणि लघवीतली साखर वाढलेली असते, म्हणून तिथे साखरेवर नियंत्रण ठेवल्याने कँडिडाला खरोखर आळा बसतो. निरोगी माणसांना मुद्दाम जादा साखर देऊन केलेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला; त्यात आतड्यातल्या कँडिडावर झालेला परिणाम अगदी मर्यादित होता.

मग पथ्याने बरे का वाटते? दूध न पचणाऱ्याचे दूध सुटते, गव्हातली काही कर्बोदके न सोसणाऱ्याचा पाव सुटतो आणि पोट फुगणे कमी होते. मिठाई आणि दारू सुटल्याचा फायदा वेगळाच.

आता गोळ्या. कॅप्रिलिक आम्ल हे आठ कार्बन अणूंचे मेदाम्ल. ते खोबरेल तेलात असते आणि शेळीच्या दुधातही. त्याचे नावच शेळीच्या लॅटिन नावावरून पडले आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत ते कँडिडाला रोखते, पण शरीरात ते चटकन शोषले जाऊन यकृताकडे जाते; मोठ्या आतड्यापर्यंत फारसे उरत नाही. शिवाय ते पोटाला त्रास देऊ शकते. मॅग्नेशियम आतड्यात पाणी ओढून घेते, म्हणून जास्त झाले की जुलाब. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचेही तेच. लोहाच्या आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्यांनी मलावरोध होतो. त्यात फळे व धान्ये बंद, म्हणजे चोथाही कमी.

असा त्रास झाला की ‘यीस्ट मरताना विष सोडते आहे, सहन करा’ असे सांगितले जाते. आम्हाला यातला सर्वांत धोक्याचा भाग हाच वाटतो. बरे वाटले तर पथ्य लागू पडले, बिघडले तरी लागूच पडले! यारिश आणि हर्क्सहायमर यांनी वर्णिलेली अशी प्रतिक्रिया खरोखर आहे, पण ती उपदंशासारख्या जीवाणुजन्य रोगांच्या उपचारातली. इथे गोळी बंद करून पाहणे हा साधा मार्ग आहे. एका वेळी एकच गोळी सुरू करावी, म्हणजे दोषी कोण ते कळते. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नयेत; लोहाच्या गोळीवर लगेच चहाही नको. ड जीवनसत्त्व जेवणाबरोबर घ्यावे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी लोह-कॅल्शियम चार तासांच्या अंतराने घ्यावे. वाढत्या वयातली मुले, गरोदर स्त्रिया आणि मधुमेहाची औषधे घेणारे यांनी हे पथ्य स्वतःच्या मनाने करू नये.

थकवा हा पंडुरोगाचा, थायरॉइडच्या बिघाडाचा आणि मधुमेहाचाही असतो. त्यासाठी रक्त तपासायला गेल्यावर एक अडचण येते. कँडिडाने धागे काढू नयेत म्हणून या पथ्यात बायोटिन सुचवले जाते. गरज दिवसाला ३० मायक्रोग्रॅमची. गोळीत ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट. एवढे बायोटिन काही रक्तचाचण्यांत ढवळाढवळ करते आणि थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल इशारा दिला. म्हणून रक्त देण्याआधी आपण कोणत्या गोळ्या घेतो ते डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला सांगावे, आणि बायोटिन किती दिवस आधी थांबवायचे ते विचारून घ्यावे.